मखमली घोडं गंगेत कसं न्हाणार? (जुन्या सो सॉफ्ट पोनीची लव काढण्याबद्दल)

पागावाली

नमस्कार मंडळी,

विषय पोरकट आहे, आधीच सांगते. 'या वयात घोडे खेळता?' हे विचारायची घाई करू नका, सासूबाईंचं विचारून झालंय.

आम्ही अमेरिकेत रोड आयलंडला राहतो, पॉटकेटच्या जवळ. पॉटकेट म्हणजे हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीचं गाव, त्यामुळे इथल्या गराज सेलमध्ये जुनी खेळणी पोत्यानं निघतात. मागच्या महिन्यात एका आजींकडे तीन डॉलरला पाच पोनी मिळाल्या. माय लिटल पोनी, पहिल्या पिढीतल्या. १९८३ पासून ही बाजारात आली. हल्लीच्या मोठ्या डोळ्यांच्या कार्टूनवाल्या नव्हेत, त्यांच्या आज्या म्हणा. गुबगुबीत, जड, रबरासारख्या मऊ.

पाचातल्या दोन 'सो सॉफ्ट' निघाल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काढलेला हा प्रकार. अंगभर मखमलीसारखी बारीक लव असते. गणपतीच्या मखराला लावायचा वेलवेट पेपर आठवा, किंवा दागिन्यांच्या डबीचं अस्तर. पोनीला नखशिखांत तेच चढवलंय, फक्त डोळ्यांभोवती गुळगुळीत प्लास्टिक मोकळं सोडलंय.

नवी असताना सुंदर दिसत असणार. पण चाळीस वर्षं पोरींनी कुरवाळल्यावर काय होतं ते माझ्यासमोर आहे. नाक, कान, पाठीचा कणा, गुडघे, जिथे जिथे हात लागला तिथे टक्कल. उरलेल्या लवेत मळ बसून तिचा राखाडी नमदा झालाय. एक त्यातल्या त्यात बरी आहे. दुसरी लॉफ्टी, पिवळी, पंखवाली, पुठ्ठ्यावर (म्हणजे मागच्या मांडीवर) गरम हवेच्या बलूनचं चित्र. तिची अवस्था खरूज झालेल्या कुत्र्यासारखी. लेक (वय ८) तिला हात लावायला तयार नाही. म्हणते, आई, हिला आजार आहे.

साबणाच्या पाण्यात हलकेच घासून पाहिली. मळ थोडा निघाला, टक्कल वाढलं.

तर प्रश्न असा: सगळीच लव काढून तिला साध्या पोनीसारखी गुळगुळीत करता येईल का? कुणी केलंय का? नेलपॉलिश रिमूव्हर वापरा असं बरेच जण म्हणतात. मी पाचातल्या तिसऱ्या, आधीच पेनानं गिरबटलेल्या एका साध्या पोनीवर शाईसाठी तो वापरून पाहिला. बोळा भिजवून कुल्ल्यावर ठेवला आणि फोन आला म्हणून उठले. दहा मिनिटांनी येऊन बघते तर बोळ्याचे धागे कुल्ल्याला चिकटलेले, तिथलं प्लास्टिक चिकट आणि निस्तेज. दुसऱ्या दिवशी तोच भाग कडक झाला होता. आता लॉफ्टीला हात लावायची भीती वाटते.

तर्राट_तात्या

पहिला!
केस काढायचं क्रीम लावून बघा. आमच्या हिच्याकडे आहे.

खवट_मिरची

तात्या, त्या क्रीमनं केसातलं केराटिन विरघळतं. घोडीला नायलॉन आहे. निदान विनोद तरी शास्त्रशुद्ध करा.

पागावाली, मी दाढीच्या रेझरनं केलं होतं, वेगळ्या खेळण्यावर. करू नका. लव जाते आणि खुंट राहतात. रविवार सकाळच्या वडिलांच्या गालासारखा स्पर्श.

रसायनकाका

कुल्ल्याचं काय झालं ते सांगतो, कारण त्यातच पुढचं उत्तर आहे.

या पोनींचं अंग मऊ पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या मोरीतला पाइप पीव्हीसीचाच. तो मऊ व्हावा म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. तुमच्या नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन पीव्हीसीत शिरतं, त्याला फुगवतं, आणि परत उडून जाताना तो तेलकट भाग सोबत ओढून बाहेर काढतं. म्हणून आधी चिकट, मग कडक. प्लंबर पाइप जोडताना 'सोल्युशन' लावतो ना, तेही असंच पाइपचा पृष्ठभाग मऊ करून एकमेकांत विरघळवतं. तुम्ही घोडीच्या कुल्ल्यावर दहा मिनिटं प्लंबिंग केलंत.

(अवांतर: थर्माकोलच्या मखरावर स्प्रेचा रंग मारल्यावर भोकं पडायची, आठवतं? तिथे तर थर्माकोल अख्खंच विरघळायचं. २०१८ च्या बंदीनंतर तो अनुभवही गेला.)

आता लवेकडे येऊ. ही लव विणलेली नसते, उगवलेलीही नसते. आधी वस्तूला गोंद फासतात. मग मिलिमीटरभर किंवा त्याहून आखूड कापलेले नायलॉनचे किंवा रेयॉनचे तंतू विद्युतभार देऊन तिच्यावर सोडतात. व्होल्टेज हजारोंच्या घरात. भारामुळे तंतू आडवे न पडता टोकावर उभे राहतात आणि तसेच गोंदात रुततात. मखमलीचा भास त्या उभेपणामुळे. म्हणजे तुमचं भांडण केसाशी नाहीच, गोंदाशी आहे. तंतू ओढत बसाल तर जन्म जाईल. गोंदाचा थर ढिला करा, लव त्याच्यासोबत सालपटासारखी येईल.

गोंद ढिला करायला आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि वेळ. ॲसिटोन सर्वात शेवटी, कानकाडीवर, सेकंदांच्या हिशोबात. आणि गॅस पेटलेला असताना अजिबात नाही. त्याची वाफ उणे तापमानातसुद्धा पेट घेते.

तर्राट_तात्या

काका, थिनर? माझ्याकडे अर्धी बाटली पडून आहे.

रसायनकाका

तात्या, बाटली घट्ट बंद करा आणि झोपा.

ठेवा

मी जरा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

जुन्या वस्तू दुरुस्त करायच्या धंद्यात आहे (खेळणी नव्हेत, लाकूड आणि कागद). आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, हे परत फिरवता येईल का? लव काढली की ती गेली. आणि लवेसोबत आणखी एक गोष्ट जाते, तिचा मूळ लेखात उल्लेख नाही. पुठ्ठ्यावरचं चित्र. सो सॉफ्टवर ते लवेवरच छापलेलं असतं. लव सोलली की बलून गेले, आणि बलून गेले की ती लॉफ्टी उरत नाही. एक पिवळी घोडी उरते.

जी त्यातल्या त्यात बरी आहे म्हणता, तिला कृपया हात लावू नका. मऊ ब्रशनं कोरडी धूळ झटका, उन्हापासून लांब ठेवा, बस. टक्कल ही तिची चाळीस वर्षं आहेत.

खवट_मिरची

ठेवा, मुद्दा पटतो, पण आठ वर्षांच्या पोरीला 'ही तिची चाळीस वर्षं आहेत' असं सांगून बघा एकदा. खेळणं कपाटात ठेवायचं की खेळायचं हे आधी ठरवा. संग्राहकांतसुद्धा अगदी वाया गेलेल्या पोनीला 'बेट' म्हणतात, म्हणजे गळाला लावायचं आमिष. अशा पोनी रंगवायला, नवे केस ओवायला, प्रयोगाला वापरतात. लॉफ्टीचं वर्णन ऐकून ती त्याच रांगेत बसते.

गोंयकार

हे वाचून मजा आली. आमच्या गोव्यात फनस्कूलचा कारखाना आहे. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेली कंपनी. फनस्कूलनं भारतातही माय लिटल पोनी काढल्या होत्या. त्यांचे रंग अमेरिकन पोनींपेक्षा वेगळे पडायचे, म्हणून परदेशातले संग्राहक आता त्या शोधत फिरतात. माझ्या बहिणीकडे एक होती. आईनं घर बदलताना भंगारवाल्याला दिली. किंमत कळल्यापासून बहीण आईशी नीट बोलत नाही. 🙂

पागावाली

सर्वांचे आभार. ठेवा, चित्राचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्रभर विचार केला. बरी आहे ती तशीच राहील, शब्द दिला. लॉफ्टीच्या उजव्या पुठ्ठ्यावरचे बलून तसेही निम्मे झिजलेत आणि डावीकडे फक्त एक ओळखू येतो. लेकीला विचारलं. ती म्हणाली, मी काढीन नवीन.

मग घोडं अडलं कुठे? तर शेपटीत. अख्खी पोनी पाण्यात भिजत घालणार होते, तेवढ्यात एका जुन्या संग्राहक बाईंनी अडवलं. या पोनींची शेपटी आतून धातूच्या चकतीनं अडकवलेली असते. शेपटीच्या भोकातून पाणी आत गेलं की चकती गंजते, आणि तो गंज आतून बाहेर झिरपून मागच्या बाजूला तपकिरी डाग पडतो. तो निघत नाही. आधी मुंडकं काढा म्हणाल्या. मी हादरलेच.

पण निघतं. मान गरम पाण्यात पाचेक मिनिटं धरली (उकळत्या नव्हे), प्लास्टिक मऊ झालं, मग जेवणाच्या बोथट सुरीनं मानेच्या खाचेतून हळूहळू सोडवत गेले आणि मुंडकं 'पॉप' करून हातात आलं. नवऱ्यानं नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. आतून शेपटी ओढून काढली. चकतीवर गंज होताच. ती फेकली.

आज रात्री धड भिजत घातलंय.

निळीशाई

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक सांगायचं होतं. कोरडी खरवडू नका. ओलीच ठेवा, आणि तोंडाला मास्क लावा. तुम्ही रोड आयलंडला आहात म्हणून मुद्दाम लिहिते, कारण हे तुमच्याच भागात घडलं. नव्वदच्या दशकात तिथे नायलॉनची लव बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना फुफ्फुसाचा एक आजार होऊ लागला. खोकला, दम लागणं, फुफ्फुसाच्या आतल्या जाळीला सूज. तंतू कापताना जी अतिसूक्ष्म धूळ उडायची ती श्वासातून खोल जात होती. डॉक्टरांनी त्याला 'फ्लॉक वर्कर्स लंग' नाव दिलं. एका घोडीनं असलं काही होणार नाही, घाबरवत नाहीये. तिथे माणसं वर्षानुवर्षं पाळ्या करत होती. पण कोरडी लव नाकाजवळ घासायची गरजच काय?

गिरणगावकर

निळीशाई, हे वाचून थांबलो. माझे आजोबा परळला गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीनं जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात हे मला फार नंतर कळलं. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची, आठवडा सरताना जरा बरं वाटायचं. घरात त्याला सगळे 'बाबांचा सोमवार' म्हणायचे. मखमल असो की मांजरपाट.

पागावाली

गिरणगावकर, 'बाबांचा सोमवार' वाचून गलबललं.

पॉटकेटही गिरण्यांचंच गाव. ब्लॅकस्टोन नदीच्या काठी स्लेटर मिल आहे, १७९३ ची, पाण्यावर चालणारी कापसाची सूतगिरणी. आता तिथे संग्रहालय आहे, लेकीच्या शाळेची सहल जाते. आणि हॅसब्रोसुद्धा मुळात खेळण्यांची नव्हे. १९२३ मध्ये हॅसेनफेल्ड भावांनी प्रॉव्हिडन्सला कापडाच्या चिंध्या, म्हणजे उरलेले तुकडे विकण्यापासून सुरुवात केली. मग पेन्सिलीच्या डब्या, मग खेळणी. चिंध्यांपासून निघालेली कंपनी फिरून घोड्याला मखमल नेसवते, म्हणजे मूळ काही सुटत नाही.

असो. हालहवाल:

पहिल्या रात्रीनंतर काहीच नाही. लव फुगली, ओल्या मांजरासारखी दिसू लागली. पाणी बदललं, साबण घातला, परत ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी पोटाकडे, म्हणजे जिथे हात कमी लागलाय तिथे, नखानं उचकटलं तर पापुद्रा सुटला. काका म्हणाले तसंच. दुधावरची साय काढतो तसा थर आला, लवेसकट. त्या क्षणाचा आनंद इथे लिहून कळणार नाही. सनबर्नची कातडी सोलायची आवड असणाऱ्यांना कळेल.

पण ही मजा पोट आणि पायांची आतली बाजू एवढीच. जिथे आधी टक्कल होतं त्याच्या कडांना गोंद दगड झालाय. तिथे आइस्क्रीमची काडी तिरकी घासून, जुना टूथब्रश, परत कोमट पाणी. चार संध्याकाळी गेल्या. पंखांच्या खाचांत अजून आहे. पंख करताना त्या डिझायनरनं माझा विचार केला नव्हता.

निघालेली लव सिंकमध्ये जाऊ दिली नाही. चहाच्या जुन्या गाळणीत धरली. मूठभर निघाली. पिवळी, ओली, मेलेल्या सुरवंटासारखी. नायलॉनच ते, नदीत कशाला.

खवट_मिरची

फोटो???

पागावाली

मुंडकं लागल्यावर टाकते. आत्ता टाकला तर संपादक मंडळ धागा उडवेल.

रसायनकाका

उत्तम. आता खाचांसाठी ॲसिटोन. कानकाडी बुडवा, टिपकागदावर निथळा, तीन-चार सेकंद फिरवा, लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा. मग त्या जागी निदान पंधरा मिनिटं परत जाऊ नका. डोळ्यांपासून दोन बोटं लांब. डोळे रंगानं काढलेले आहेत, गोंदाआधी ते जातील. चेहऱ्यावर फक्त काडी आणि पाणी. खिडकी उघडी.

तर्राट_तात्या

आणि एवढं करून टक्कल आवडलं नाही तर परत लव लावता येते का हो?

ठेवा

येते. लवेची पूड आणि रंगीत गोंद बाजारात मिळतो. पण घरी विद्युतभार देणार कोण? नुसती भुरभुरवली तर तंतू वाट्टेल तसे आडवे पडतात आणि नमदा दिसतो. जपानच्या सिल्व्हेनियन फॅमिलीज पाहिल्यात का, ते १९८५ पासूनचे छोटे ससे-अस्वलं? त्यांचेही कान असेच झिजतात आणि लोक असंच घरी ठिगळ लावतात. ठिगळ कायम ओळखू येतं.

म्हणूनच मी आधी बोललो होतो. पण पागावालीनं बरी होती ती राखली आणि वाया गेलेली सोलली, याला माझी हरकत नाही. तंतूंचा एक चिमटा कागदात घालून तारीख टाकून ठेवा. मूळ रंग कोणता होता ते पुढे कुणी विचारेल.

पागावाली

ठेवा, ठेवलाय. डाळ ठेवायच्या छोट्या डबीत. सासूबाईंनी परवा ती उघडली.

शेवटचं: ॲसिटोननं पंखांच्या खाचा नव्वद टक्के साफ. डाव्या पंखाखाली एक जागा निस्तेज झाली, सेकंद मोजताना लेकीनं प्रश्न विचारला म्हणून. पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत नाहीच झाला. काही ठिकाणी गोंदाची छटा बसून राहिलीय, उन्हात धरलं की नकाशासारखे डाग दिसतात. साध्या पोनीशेजारी ठेवली तर फरक कळतो. ज्यांना वाटतं की लवेखाली कोरी करकरीत पोनी दडलीय, त्यांनी ही आशा आधीच सोडा.

शेपटी परत बसवताना धातूची चकती टाळली. गाठ मारून आतून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधली. मान गरम करून मुंडकं बसवलं. पहिल्यांदा थोडं वाकडं बसलं, ती कायम डावीकडे संशयानं बघत होती, मग परत काढून सरळ केलं.

लेकीनं दोन्ही पुठ्ठ्यांवर ॲक्रिलिक रंगानं चित्र काढलंय. बलून नाहीत. एका बाजूला वडापाव आहे आणि दुसऱ्या बाजूला, तिच्या म्हणण्यानुसार, मिरची. फोटो खाली.

खवट_मिरची

मिरचीबद्दल रॉयल्टी कुठे पाठवताय?

गोंयकार

वडापाव बरा आलाय. बहिणीला दाखवला. म्हणाली, आईला दाखवू नकोस.

तर्राट_तात्या

वाचनखूण साठवली. थिनर परत केलं दुकानात. घेतलं नाही त्यानं, बाटली उघडलेली होती.